अस्तर

टीव्हीखालच्या कप्प्याचं माप मीच घेतलं,
गळ्यातल्या टेपनं.
रुंदी सोळा, उंची साडेअकरा, खोली चौदा.
मागं दोन इंच वाऱ्याला सोडायचे,
शिलाईत माया सोडतो तसे.

भिशीचे छत्तीस हजार.

खडेबाजारात जिना चढून वरचं दुकान.
ईरण्णा विचारतो, "मुलासाठी काय ओ अक्का?"
मी वही पुढं करते.
एका पानावर सुळेभावीच्या नवरीची मापं,
पाठच्या पानावर यादी.

"लाइट बेकेन्री? पंख्यात सात रंग फिरतात."
"ब्याड."
बाराशे वाचले.
चमक कापडातली कुठली आणि वरून मारलेली कुठली
एवढं कळतं मला.

प्रोसेसर गेल्याच्या गेल्या वर्षीचा.
फॅशन गेली त्याची, वीण गेली नाही.
रॅम आठ-आठच्या दोन पट्ट्या.
सोळाची एकच घ्या, स्वस्त पडते, म्हणाला.
एका बाहीचा ब्लाउज शिवू काय तुमच्या घरात, म्हटलं.
हसला. चहा मागवला.

चहा पिताना त्यानं हळूच
एक बिननावाचा पॉवर सप्लाय पुढं सरकवला.
हातात तोलला. हलका.
अस्तरात पैसे वाचवणारे शिंपी बघितलेत मी.
पहिल्या धुण्याला आतलं आटतं
आणि वरचं रेशीम चुण्या पडून बसतं.
आमच्या वडगावात दिवे जाऊन परत आले
की सगळ्या गल्लीचे माग एकदम उठतात,
बल्ब मान टाकतो.
जड डबा घेतला. पाच वर्षांची गॅरंटी.
दीड हजार जास्त गेले, आणि तिथंच
ग्राफिक्स कार्डाचे पैसे संपले.

म्हणून बस धरून निपाणी.
नदाफांच्या रियाजनं लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग बंद केलेलं,
आता लोक मोबाइलवरच कापतात म्हणे.
तासभर चालवून दाखव म्हटलं, आणि कान लावून बसले.
बेअरिंग जाणार असेल तर
डोळ्याआधी कानाला कळतं.
किती नवऱ्या गेल्या असतील ह्या कार्डातून,
बदामात बसून, ढगातून उतरून,
मराठी अक्षता, कन्नड अक्षता, निकाहाचे गजरे.
एक पंखा जरा कुरकुरत होता.
सात हजार म्हणाला, साडेसहाला दिलं.
पदराखाली धरून आणलं, उगीच,
पाऊस नव्हता काही नव्हता.

ईरण्णानं सगळं जोडून दिलं.
बिलावर वर कन्नड, खाली इंग्रजी,
मागच्या बाजूला त्याच्याच पेनानं, वाकड्या मराठीत:
पंखा पूढून आत, मागून बाहेर.

मूल नाही आम्हाला. त्याला सांगितलं नाही.

रात्री ऑर्डरी संपल्या की
पायातली दोऱ्याची टोकं झाडते
आणि सोप्यात ट्रक काढते.
अठरा चाकांचा. मागं लाकूड, कधी दूध.
एका देशातून दुसऱ्यात जाते,
पाट्यांची लिपी बदलते,
कुणी उतरवून विचारत नाही तुमची भाषा कुठली.
लिहिलेलं वाचता येत नाही.
बाण कळतो.
परवा एका वळणावर उलटले,
तर नुसते पैसे कापले, आणि पुन्हा उभी केली गाडी.

हे असतात खऱ्या गाडीवर.
कोबी, टोमॅटो, चोर्ला उतरून म्हापसा.
वीस वर्षं घाट म्हणजे काय ते
मी यांच्या शर्टाच्या पाठीवरून ओळखत आले,
मीठ कुठवर आलंय त्यावरून.

मंगळवारी सुट्टी.
जेवून भिंतीला टेकून बसले, पाय पसरून.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"उतार लागूलाय की. सेकंड टाक."
टाकला.
"ब्रेकवर बसू नको. तापतो."
सोडला.
थोड्या वेळानं हात पुढं आला,
आण इकडं, अशा बेतानं.

दिलं नाही.
तुम्ही झोपा, म्हटलं.
मी चालवते.